मोलस्कम कंटॅजिओसम : विषाणूचे उपप्रकार आणि रुग्णांमधील आढळ

मोलस्कम कंटॅजिओसम हा त्वचेचा संसर्गजन्य आजार आहे. त्याचा विषाणू देवीच्या विषाणूच्याच कुळातला, पण फक्त माणसाच्या बाह्यत्वचेत वाढणारा. इंग्रज त्वचारोगतज्ज्ञ थॉमस बेटमन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले.

त्वचेवर २ ते ५ मिलिमीटरच्या, मोत्यासारखी चकाकी असलेल्या गुळगुळीत पुटकुळ्या येतात. नीट पाहिले तर मधोमध बारीकशी खळी दिसते. पुटकुळी दाबली की तिथून पांढरा, दाट गाभा बाहेर येतो. सूक्ष्मदर्शकाखाली या गाभ्यात विषाणूंनी ठासून भरलेल्या फुगीर पेशी दिसतात आणि निदान पक्के होते.

विषाणूचा जनुकसंच दुपदरी डीएनएचा, सुमारे १ लाख ९० हजार आधारजोड्यांचा (डीएनएच्या शिडीतल्या पायऱ्यांचा) आहे. तो १९९६ मध्ये पूर्ण वाचला गेला. प्रयोगशाळेतील पेशींमध्ये हा विषाणू नेहमीच्या पद्धतीने वाढवता येत नसल्यामुळे त्याच्या अभ्यासात या वाचनाचे मोल फार मोठे आहे. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला चकवणारी अनेक जनुके त्यात सापडली. पुटकुळ्या महिनोन् महिने टिकूनही आजूबाजूला फारशी सूज का नसते, याचा उलगडा त्यातून होतो.

डीएनएचे विशिष्ट विकरांनी (एन्झाइमांनी) तुकडे केल्यावर जो आकृतिबंध मिळतो, त्यावरून चार उपप्रकार ठरवले गेले. जगभरात पहिला उपप्रकार सर्वाधिक आढळतो आणि लहान मुलांमध्ये तर बहुतेक वेळा तोच असतो. दुसरा मुख्यतः प्रौढांमध्ये दिसतो; एचआयव्हीबाधितांमध्ये त्याचे प्रमाण तुलनेने जास्त आहे. तिसरा आणि चौथा दुर्मीळ. मात्र पुटकुळी पाहून उपप्रकार सांगता येत नाही आणि उपचारही त्यावरून बदलत नाहीत. त्यामुळे दवाखान्यात ही तपासणी कोणी करत नाही. तिचा उपयोग साथरोगशास्त्राला. आजार कसा वागेल हे रुग्णाचे वय, त्याची त्वचा आणि त्याची प्रतिकारशक्ती यांवरून अधिक कळते.

मुलांमध्ये संसर्ग त्वचेच्या स्पर्शातून किंवा सामाईक टॉवेलमधून होतो. पुटकुळ्या धड, हातपाय, काखा आणि चेहऱ्यावर येतात. अटोपिक इसब (ॲलर्जीच्या प्रवृत्तीतून येणारा खाजरा त्वचाविकार) असेल तर खाजवण्यातून त्या पसरतात. बहुतेक मुलांमध्ये ६ ते १८ महिन्यांत आजार आपोआप जातो. जाण्याआधी पुटकुळ्या अनेकदा लाल होऊन सुजतात. पालक घाबरतात, जिवाणूसंसर्ग समजून प्रतिजैविकेही दिली जातात. खरे तर शरीराने विषाणूला ओळखल्याची ही खूण असते. तरुण प्रौढांमध्ये प्रसार बहुधा लैंगिक संपर्कातून होतो आणि पुटकुळ्या ओटीपोट, जननेंद्रिये व मांड्यांच्या आतल्या बाजूला दिसतात. मुलांच्या गुप्तांगांवरील पुटकुळ्या मात्र त्यांच्याच हातांनी तिथवर पोहोचलेल्या असू शकतात. लैंगिक अत्याचाराची शक्यता तपासावी, पण केवळ पुटकुळ्यांवरून निष्कर्ष काढू नये.

प्रगत एचआयव्ही संसर्गात चित्र पालटते. चेहऱ्यावर शेकडो पुटकुळ्या येतात, काही एक सेंटिमीटरहून मोठ्या होतात आणि आपोआप जात नाहीत. क्रिप्टोकॉकस किंवा हिस्टोप्लाझ्मा या बुरशींचे जीवघेणे संसर्गही त्वचेवर हुबेहूब अशाच पुटकुळ्या आणतात. म्हणून अशा रुग्णात नुसत्या नजरेवर विसंबणे धोक्याचे; त्वचेचा तुकडा तपासलाच पाहिजे. खरवडणे किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवणे हे नेहमीचे उपाय इथे तोकडे पडतात. एचआयव्हीवरील औषधांनी प्रतिकारशक्ती सावरली की अनेकांच्या पुटकुळ्या ओसरतात, जरी सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्या तात्पुरत्या वाढलेल्या दिसू शकतात.