साठ की आठ?

जांभळी नाक्याच्या मंडईत आबांनी गवारीचा भाव विचारला. भाजीवाली म्हणाली, "साठला अर्धा." आबांनी दहाचं नाणं पुढे केलं आणि सुट्ट्या दोन रुपयांसाठी हात पसरून उभे राहिले. तिनं माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "आबा, साठ! साठ!" तर माझ्यावरच डाफरले, "ओरडतोस कशाला? बहिरा आहे का मी?"

आबा माझे थोरले काका, वय एक्याऐंशी. "ऐकू येतं रे, कळत नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. घरच्यांना हा हट्टीपणा वाटतो. हळू बोललं की ऐकू येत नाही, मोठ्यानं बोललं की राग येतो, म्हणजे करायचं तरी काय? पण आबांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. म्हातारपणी कानाचा आवाज टीव्हीसारखा नुसता बारीक होत नाही. वेगळंच काहीतरी बिघडतं.

कानाचा पडदा, त्यामागची हातोडा-ऐरण-रिकीब ही तीन हाडं, हे सगळं शाळेत झालेलं आहे. रिकिबीच्या पलीकडे, कानशिलाच्या कठीण हाडात, गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. ती कॉक्लिया. आत द्रव असतो आणि साधारण ३५ मिलिमीटर लांबीची एक लवचीक पट्टी. पातळ, तीव्र स्वर या पट्टीच्या रिकिबीजवळच्या भागाला हलवतात, खर्जातले स्वर पार आतल्या टोकाला. पट्टीवर केशपेशींच्या, म्हणजे टोकावर बारीक केस असलेल्या पेशींच्या, रांगा असतात. आतली एक रांग सुमारे साडेतीन हजार पेशींची, बाहेरच्या तीन रांगा मिळून सुमारे बारा हजारांच्या. मेंदूकडे खबर पोचवायचं काम जवळजवळ सगळं आतली रांग करते. मग बाहेरच्या बारा हजार कशाला?

मला तरी अख्ख्या शरीरात याहून मजेदार प्रश्न दिसत नाही. पट्टीवरची लाट कशी धावते हे शास्त्रज्ञ गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवलं, त्यासाठी १९६१ चं नोबेलही मिळालं. पण त्यांनी तपासलेले कान मृतांचे होते. त्या कानांतली लाट बोथट, पसरट होती. जिवंत माणूस जवळजवळचे दोन स्वर वेगळे ओळखतो, ते या बोथट लाटेवर जमणं शक्य नव्हतं. थॉमस गोल्ड नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञानं १९४८ मध्येच म्हटलं होतं की कानात ताकद ओतणारी काहीतरी यंत्रणा असली पाहिजे, आणि असेल तर कान स्वतःही आवाज काढत असेल. तीस वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये लंडनला डेव्हिड केम्प यांनी कानाच्या नळीत बारका मायक्रोफोन बसवून तो आवाज टिपला. आज नवजात बाळांची श्रवणचाचणी त्याच तत्त्वावर होते.

हा आवाज येतो बाहेरच्या केशपेशींच्या नाचातून. पेशीच्या टोकावरचे केस झुकले की त्यांना जोडणारे धागे ताणले जातात, बारीक दारं उघडतात आणि पोटॅशियमचे भारित कण आत घुसतात. वरच्या द्रवात अधिक ८० मिलिव्होल्ट आणि पेशीच्या आत ऋण विद्युतदाब, त्यामुळे ते अक्षरशः ढकलले जातात. आतला ऋण विद्युतदाब कमी झाला की अख्खी पेशी आखडते, वाढला की लांबते, तेही सेकंदाला हजारो वेळा. स्नायूला एवढा वेग झेपत नाही. पेशीच्या भिंतीत ठासून भरलेलं एक प्रथिन विद्युतदाब बदलताच आपला आकार बदलतं. इंधन जाळून नाही, थेट विद्युतदाबावर. २००० साली शिकागोजवळ पीटर डॅलोस यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं. द्रुत लयीसाठी पाश्चात्य संगीतात 'प्रेस्टो' म्हणतात, त्यावरून त्याचं नाव ठेवलं प्रेस्टिन.

इथवर डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: बाहेरच्या केशपेशी म्हणजे झोका देणारा हात. पट्टी हलली की योग्य क्षणी धक्का देऊन त्या तिला आणखी हलवतात. बारीक आवाज यामुळे ४० ते ६० डेसिबल वर उचलला जातो. ४० डेसिबल म्हणजे ध्वनीच्या दाबाच्या हिशोबात शंभर पट. मोठ्या आवाजाला मात्र हा धक्का जवळजवळ मिळतच नाही, त्याला गरज नसते.

आता आबांकडे परत. वयाबरोबर या पेशी मरतात, रिकिबीजवळच्या, म्हणजे तीव्र स्वरांच्या, आधी. माशांमध्ये आणि पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, आपल्यात जन्माआधी जेवढ्या तयार झाल्या तेवढ्याच. झोका गेला की हळू आवाज नाहीसा होतो. मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा राहतो, कारण त्याला झोक्याची मदत कधी नव्हतीच. 'ऐकू येत नाही' आणि 'ओरडू नको' यांच्यातली जागा चिंचोळी होते, ती अशी. शिवाय लाट पुन्हा बोथट होते, त्यामुळे मंडईतल्या कलकलाटातून एक आवाज वेगळा काढता येत नाही.

आणि 'साठ'चा 'आठ' का झाला? 'स'ची बहुतेक ऊर्जा ४००० हर्ट्झच्या (सेकंदाला ४००० कंपनांच्या) वर असते, 'आ'ची बरीच खाली. आबांचा 'आ' शाबूत आहे, 'स' पुसला गेलाय. त्यातून आपण ओरडतो तेव्हा स्वर फुगतात, 'स' फारसा वाढत नाही. म्हणजे कानाशी जाऊन मी भाजीवालीपेक्षा मोठ्यानं 'आठ'च म्हणत होतो! समोर उभं राहून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललो असतो तर बरं झालं असतं.

दोष सगळा पट्टीचाही नाही. केशपेशी आणि मज्जातंतू यांचे सांधे तुटतात, तंतू कमी होतात, मेंदूचा वेळेचा हिशोब मंदावतो. कुणाकडे काय किती बिघडलं हे नुसत्या श्रवण-आलेखावरून (कोणता स्वर किती हळू असला तरी ऐकू येतो, याची नोंद) कळत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सगळं कळतं. परवाच फिरून आलं: लसणीचं कोमट तेल कानात घाला, नसा मोकळ्या होतात. पडदा धड असेल तर तेल पडद्याच्या अलीकडेच थांबतं. मळ मऊ झाला तर झाला. पडद्याला भोक असेल तर मात्र घोळ. प्रेस्टिनपर्यंत लसूण पोचायची नाही. आणि हेच लोक दहीहंडीला स्पीकरच्या भिंतीसमोर नातवंडांना खांद्यावर घेऊन उभे असतात. त्या भिंतीही याच बारा हजार पेशी मारतात, वयाची वाट न बघता.

आबांना शेवटी नौपाड्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आलेख १००० हर्ट्झपर्यंत बराचसा सपाट, पुढे येऊरच्या डोंगरासारखा उतार. श्रवणयंत्र मिळालं. त्यातला संगणक हळू आवाज जास्त उचलतो, मोठा कमी, म्हणजे मेलेल्या केशपेशींची ढोबळ नक्कल. पट्टीचा बोथटपणा त्याला घालवता येत नाही. सवय व्हायला काही आठवडे लागतील, असं यंत्र बसवणाऱ्या ताईंनी बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गॅलरीत बसले होते. पेपरचं पान उलटलं, थांबले, परत उलटलं.

"हा पेपर पहिल्यापासून एवढा वाजतो का रे?"