लोखंडाच्या पिंपात कार्बाइड टाकू नका
भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमालकांसाठी माहिती

आम्ही धातूचे भंगार विकत घेतो. आमच्या काट्यावर माल ठेवण्याआधीच "आजचा भाव काय?" असे विचारले जाते. लंडन मेटल एक्सचेंजचा दर आणि डॉलरचा भाव पाहून आम्ही रोज सकाळी तांब्या-पितळेचा भाव लावतो. फोन केलात तरी सांगू. पण हातात किती पडणार, ते बरेचसे तुमच्या लेथशेजारच्या पिंपातच ठरलेले असते.

सगळ्यात मोठे नुकसान कार्बाइडचे, म्हणजे धातू कापायच्या कठीण हत्यारांचे. झिजलेला इन्सर्ट (हत्याराचे बदलते पाते), तुटलेली एंडमिल (मिलिंगचे कटर) कामगार सवयीने लोखंडाच्या किसात भिरकावतो. त्यात टंगस्टन असते. पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड, आणि भाव कित्येक पट. "पण याला चुंबक लागतंय की!" लागणारच. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात आणि कोबाल्टला चुंबक धरतो. तेव्हा चुंबकावर विसंबू नका, तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज घ्या. मशीनपाशी एक वेगळा डबा ठेवा, भरायला वर्ष लागले तरी चालेल. ब्रेझ केलेली (पितळी डाकाने जोडलेली) टीप मात्र शँकपासून, म्हणजे पोलादी दांड्यापासून, सोडवून आणा.

पितळेचा कीस कुलंटने (मशीनवर कापताना सोडतात त्या द्रवाने) ओला असला की घट धरावी लागते, म्हणजे तेवढे वजन वजा करावे लागते, आणि वाद तिथेच होतात. म्हणून नमुना तुमच्यासमोर तोलतो, सुकवतो, चुंबक फिरवून लोखंड काढतो, पुन्हा तोलतो. 500 ग्रॅमचे 460 भरले, तर घट 8 टक्के. आदल्या रात्री पिंप तिरके करून निथळू द्या. कुलंटही वाया जात नाही.

क्ष-किरणांनी धातू ओळखणारी एक्सआरएफ गन फक्त पृष्ठभाग वाचते. मुलामा दिलेल्या वस्तूवर आम्ही आधी कानस मारतो, ती त्यासाठीच.

जाळलेली वायर घेत नाही. पीव्हीसीचा धूर विषारी, शिवाय तांबे काळवंडून त्याची प्रत उतरते. सोलून आणा.

कॉन्टॅक्टरचे (मोटार चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचे) बदललेले चांदीचे पॉइंट घरी वितळवू नका. पुष्कळांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. आम्ही नमुन्याचे दोन भाग करून, सह्या घेऊन सील करतो. एक प्रयोगशाळेत जातो, एक तुमच्याकडे राहतो. हिशेब अहवाल आल्यावर.

सर्किट बोर्ड आणू नका. 2022 च्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडेच जायला हवेत, आणि आमची ती नोंदणी नाही.

आणि हो, कोरे इन्सर्ट पाकिटासकट आले, तर कुठून आणले ते आम्ही विचारणार. राग मानू नका. उद्या ते तुमच्याच स्टोअरमधले असू शकतात.