पुस्तकासारखा सोलणारा कांदा, विषही आणि मलमपट्टीही

१९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केपच्या कौगा डोंगरात, एका कातळाच्या आडोशाला पुरातत्त्ववाल्यांना खोइसान, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, माणसाची ममी सापडली, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि ती झाकलेली कशाने तर एका रानकांद्याच्या सुक्या पापुद्र्यांनी! हा कांदा म्हणजे बूफोने डिस्टिका. बरंचसं मुंडकं जमिनीच्या वर, पानं पंख्यासारखी दोन बाजूंना पसरलेली. ग्रीकमधून आलेल्या नावाचा अर्थच बैल मारणारा, आणि आफ्रिकान्समध्ये लोक सरळ विषकांदाच म्हणतात. सान, म्हणजे याच खोइसानांपैकी शिकार करून जगणारे लोक, याचा रस बाणांना लावायचे त्यामुळे नाव काही उगाच पडलेलं नाही.

आता गंमत बघा, मारणारा आहे तो आतला गर, आणि औषधाला जास्त करून वापरतात ते बाहेरचे मेलेले, कागदासारखे पापुद्रे. तिथल्या झुलू आणि खोसा या लोकांच्या भाषांमध्ये याला इन्क्वाडी म्हणतात, आणि तोच शब्द पुस्तकालाही आहे, थरावर थर बघितले की का ते कळतंच. हे पापुद्रे गळवावर, भाजल्यावर, जखमेवर बांधायचे, खोसा पोरांच्या सुंतेनंतर तर हीच पट्टी. कांद्यात युजेनॉल असतं, म्हणजे आपल्या लवंगेतलं दुखणं बधिर करणारं द्रव्य, त्यामुळे ठणका कमी होतो यात मला तरी नवल वाटत नाही.

पोटात घ्यायचा प्रकार मात्र वेगळा आणि भलताच नाजूक. बेचैनी, झोप न लागणं, वेड्यासारखं वागणं यावर वैदू काढा देतात, आणि प्रमाण जरा वाढलं की भास होतात, माणूस बेशुद्ध पडतो, दगावतोही. काही सांगोमा, म्हणजे देवऋषीपण करणारे वैदू, तर भविष्य बघण्यासाठी मुद्दाम हीच नशा वापरायचे. २००५ साली संशोधकांनी यातली बुफानामीन आणि बुफानिड्रीन ही दोन अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी जहाल द्रव्यं, तपासली तर ती मेंदूत सेरोटोनिनच्या, म्हणजे मनःस्थितीशी संबंध असलेल्या रसायनाच्या, त्याच जागी चिकटताना दिसली जिथे डिप्रेशनच्या आजच्या कितीतरी गोळ्या काम करतात. अर्थात म्हणून कोणी कांदा उकळून पिऊ नये, औषधाचा डोस आणि विषाचा डोस यात अंतर फारच कमी आहे. बाय द वे आपला नागदवणा याच कुळातला, आणि नव्या वर्गीकरणात कांदा-लसूणही!

सरकारी बाजूने म्हणाल तर बराच काळ या वैदूंकडे संशयानेच बघितलं गेलं, १९५७ च्या जादूटोणा दडपणाऱ्या कायद्याने तर सांगोमाची भविष्य सांगायची विद्याच गुन्ह्यात धरली, आणि पारंपरिक वैद्यांची नोंदणी करायचा कायदा यायला २००७ उजाडलं. पण बाजार काही थांबला नव्हता, डर्बनच्या वॉरविक जंक्शनला मुथी, म्हणजे जडीबुटी, विकायला बसलेल्या बायकांच्या ढिगात आजही हा कांदा असतो. पापुद्रे सोललेला नव्हे, तर मुळासकट अख्खा उपटलेला, आणि तो वाढतो इतका हळू की नवा मोठा व्हायला कित्येक वर्षं जातात.