बीपीच्या गोळीची ढास

बीपीची नवी गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत काहींना कोरडी ढास लागते. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव. खोकल्याची औषधं होतात, गुण मात्र येत नाही. अशा वेळी गोळीचं नाव बघावं. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल असं 'प्रिल'ने संपणारं असेल, तर बहुधा चोर तिथेच सापडतो.

या 'प्रिल' घराण्याचं मूळ ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात आहे. 1965 मध्ये संशोधक सर्जिओ फेरेरा यांनी दाखवलं, की या विषातला एक घटक ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवतो. ब्रॅडिकायनिन आपल्याच शरीरात बनतं, रक्तवाहिन्या सैल करतं आणि एरवी एसीई नावाचं विकर (एन्झाइम) त्याचा चटकन फडशा पाडतं. विषातला घटक या विकरालाच अडकवून ठेवतो.

आणि हे विकर दुहेरी कारभार करतं. सैल करणारं रसायन मोडायचं, शिवाय आवळणारं घडवायचं. दहा अमिनो आम्लांच्या साखळीची शेवटची दोन छाटून ते अँजिओटेन्सिन-2 तयार करतं. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात.

विषातल्या घटकापासून बनवलेलं औषध टोचावं लागे, गोळीतून चालत नसे. मग कुशमन आणि ओन्देत्ती या संशोधकांनी विकरातल्या जस्ताच्या अणूला नेमका पकडेल असा छोटा रेणू बेतला. तो कॅप्टोप्रिल, अमेरिकेत त्याला 1981 मध्ये मान्यता मिळाली.

खरी कमाल हृदय कमजोर झालेल्यांत दिसली. हृदय रक्त कमी ढकलतं, मूत्रपिंडांना वाटतं शरीरात पाणीच कमी आहे, म्हणून ती आवळण्याची आणि साठवण्याची यंत्रणा जोरात चालवतात. थकलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पोती! पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. अशाच अतिगंभीर 253 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 1987 मध्ये आले: सहा महिन्यांत औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवरचे 44 टक्के रुग्ण दगावले, एनालाप्रिलवरचे 26 टक्के.

गोळीने विकर अडलं की ब्रॅडिकायनिन मोडलं न जाता साचतं, आणि ढास मुख्यतः त्यामुळेच लागते, असं मानतात. ओठ-जीभ सुजली तर मात्र थेट दवाखाना गाठायचा. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. इतरांनाही अधूनमधून रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन तपासावं लागतं. निव्वळ खोकल्यापायी मनानेच गोळी सोडू नये. डॉक्टर 'सार्टान' गटातलं औषध देऊ शकतात, ते ब्रॅडिकायनिनच्या वाटेला जात नाही. बदल केला तरी ढास त्याच रात्री थांबत नाही. ती जायला एक ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त घेते.