दोर ताठ, तर बोट पक्की?

वैनगंगेच्या काठी हे जुनं पालुपद आहे: बोट बांधताना दोर तट्ट ओढा, म्हणजे ती हलणार नाही. हलत नाही हे खरं, पण घोटाळा तिथंच आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे कमी-जास्त उघडले की खाली वडशाकडे पाणी चढतं-उतरतं. चढलं की ताठ दोर काठाकडची बाजू दाबून धरतो, बोट कलते, पाणी आत येतं. उतरलं की ती दोरावर लोंबकळते. (रात्रीतून खुंटा उपटला की दोष मात्र बोट बांधणाऱ्या पोराला!)

नाक प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवा. पुढून एक, मागून एक असे दोन लांब दोर काठाला तिरपे बांधा, थोडी ढील ठेवा. पावसाळ्यात तर बोट सरळ काठावर ओढा.