रक्तवाहिन्यांच्या गळतीचे चित्रण

दाहामुळे, म्हणजे इजा किंवा संसर्गाला शरीर देते त्या प्रतिक्रियेमुळे, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपणारा द्रव शरीराला छेद न देता पाहण्याची तंत्रे. या वाहिन्यांच्या अस्तरातील पेशी एरवी एकमेकींना घट्ट बिलगून असतात. दाह सुरू झाला की हिस्टामाइन, ब्रॅडिकायनिन यांसारख्या द्रव्यांमुळे त्यांचे सांधे सैल होतात आणि अल्ब्युमिन या प्रथिनासह प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, ऊतींत उतरतो. प्रयोगशाळेत प्राण्यांना इव्हान्स ब्लू हा रंग टोचून गळती मोजतात. त्यासाठी बहुधा प्राणी मारावा लागतो. माणसात एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलेले गॅडोलिनियमयुक्त द्रव्य ऊतीत किती वेगाने शिरते, हे पाहतात. डोळ्याच्या पडद्यावरची सूज ओसीटीत, म्हणजे प्रकाशाने पडद्याच्या थरांचे चित्र घेणाऱ्या तपासणीत, सुईशिवाय दिसते.

गोव्यात या विषयाशी सर्वसामान्यांची गाठ पडते ती पावसाळ्यात, डेंग्यूमुळे. करवंट्या, टायर, बांधकामावरची पिंपे यांत साठलेल्या पाण्यात एडिस डास वाढतात. डेंग्यूतील गळती बहुधा आजाराच्या ३ ते ७ व्या दिवसांत, नेमकी ताप उतरताना सुरू होते आणि २४ ते ४८ तास टिकते. घरची माणसे ‘ताप गेला’ म्हणून निर्धास्त होतात, तीच घडी सर्वांत जपण्याची.

इथे साधी सोनोग्राफी मोलाची ठरते. उजव्या बरगड्यांखाली गार जेल लावून प्रोब टेकवला की, गळती झाली असेल तर, यकृत आणि उजवे मूत्रपिंड यांच्यामध्ये काळी चीर दिसते. ते पोटात साठलेले पाणी. प्रोब किंचित वर सरकवला की श्वासपटलावर तसाच काळा पट्टा, म्हणजे फुप्फुसाभोवतीचे पाणी. पित्ताशयाची भिंत, जी एरवी ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असते, ती सुजून थराथरांची दिसते. मशीन खाटेपाशी आणता येते, किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे गरोदर बाईचीही तपासणी पुन्हापुन्हा करता येते. रुग्णाला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, हलवायचे का, हे ठरवतानाही सोनोग्राफीचा उपयोग होतो.

सोनोग्राफीत दिसते ते गळून साठलेले पाणी, प्रत्यक्ष गळती नव्हे. पित्ताशयाची भिंत काविळीतही जाड होते. म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण), नाडी, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण सोबत पाहावेच लागते. हिमॅटोक्रिट मूळच्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढला तर गळतीची शंका पक्की होते. पुढे गळती थांबली की बाहेर पडलेला द्रव आपोआप रक्तात परततो. तेव्हाही गळती भरून काढण्यासाठी लावलेले सलाइन त्याच वेगाने चालू राहिले, तर फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडतो.