बॅकरॅटमधल्या बेटिंग सिस्टिम

बॅकरॅट (फ्रेंच उच्चार बाकारा) हा पत्त्यांचा जुगार. त्यात पुढच्या डावाला किती लावायचे हे मागच्या डावात काय झालं त्यावरून ठरवायच्या ज्या ठरीव पद्धती आहेत त्यांना बेटिंग सिस्टिम म्हणतात. मार्टिंगेल, द'अलांबेर, फिबोनाची, लाबूशेर, परोली, १-३-२-६ अशी बरीच नावं आहेत आणि प्रत्येकाचा कोणी ना कोणी भक्त सापडतोच. कसिनोची टक्केवारी यातल्या एकीनेही हलत नाही, फक्त पैसे थोडेथोडे जाणार की एकदम जाणार एवढाच फरक पडतो.

खेळ सोपा आहे. एक्का १, दुर्री ते नव्वी अंकाप्रमाणे, दश्शी-गुलाम-राणी-राजा शून्य, आणि बेरजेचा फक्त शेवटचा आकडा धरायचा. ठाण्या-कल्याणकडच्या जुन्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही, मटक्यात तीन आकड्यांवरून ओपन काढतात तेच हे, ३-६-९ ची बेरीज १८ म्हणजे आकडा ८. प्लेयर आणि बँकर ही नुसती दोन बाजूंची नावं, ९ च्या जवळ जो तो जिंकला. तिसरं पान घ्यायचं की नाही तेही नियमानेच ठरतं, खेळणाऱ्याच्या हातात काही नाही. बँकरचं तिसरं पान नंतर निघतं, आणि प्लेयरला कुठलं पान आलं त्यावर त्याचा नियम बदलतो, म्हणून बँकर किंचित जास्त जिंकतो. आठ कॅटच्या खेळात बँकर ४५.८६ टक्के, प्लेयर ४४.६२ टक्के आणि टाय ९.५२ टक्के. हा फरक भरून काढायला बँकरच्या जिंकण्यावर ५ टक्के कमिशन कापतात. ते धरून कसिनोचा वाटा बँकरवर १.०६, प्लेयरवर १.२४ टक्के पडतो, आणि टायवर एकास आठ मिळत असले तरी तब्बल १४.३६ टक्के. विनाकमिशनचं टेबल फुकटचं वाटतं, पण तिथे बँकर ६ वर जिंकला की निम्मेच पैसे देतात आणि वाटा उलट वाढून १.४६ टक्के होतो.

खेळ कुठून आला यावर एकमत नाही. बहुतेक ठिकाणी छापलेली गोष्ट अशी की पंधराव्या शतकात इटलीत फेलिक्स फाल्गिएरे नावाच्या माणसाने तो काढला आणि फ्रेंच राजा आठव्या चार्ल्सच्या सैनिकांनी इटलीच्या स्वारीहून तो फ्रान्समध्ये नेला. काहीजण याला इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या नऊ देवांची कथाही जोडतात, ती सरळ दंतकथा म्हणून सोडून द्यावी. इटलीच्या गोष्टीलाही त्या काळातला लेखी आधार दाखवता येत नाही. फ्रेंच पुस्तकांत या नावाने नियम दिसतात ते एकोणिसाव्या शतकात, साधारण मध्याच्या सुमारास, तर नऊपर्यंत मोजायचा मकाओ नावाचा मिळताजुळता खेळ युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीला माहीत होता. म्हणून पत्त्यांच्या इतिहासाचे अभ्यासक फ्रान्सकडे झुकतात, आणि तेच जास्त पटतं. १८३७ च्या शेवटी फ्रान्सने सार्वजनिक जुगारघरं बंद केली, तेव्हा हा खेळ खासगी क्लबांत आणि बड्या लोकांच्या घरांत वाढला असावा, १९०७ ला कसिनोंना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत. आज खेळतात तो पुंतो बांको प्रकार लॅटिन अमेरिकेतून क्युबामार्गे १९५९ च्या सुमारास लास वेगासला पोचला.

सिस्टिम मात्र या खेळाच्या स्वतःच्या नाहीत, बहुतेक दुसऱ्या जुगारातून आल्या. मार्टिंगेल, म्हणजे हरलं की डबल लावायची पद्धत, अठराव्या शतकात चांगली रुळलेली होती, व्हेनिसच्या कासानोव्हाने आपल्या आठवणींत तिचा उल्लेख केलाय. द'अलांबेर म्हणजे हरलं की एक युनिट (ठरवलेली मूळ रक्कम) वाढवा, जिंकलं की एक कमी करा. ही फ्रेंच गणिती द'अलांबेरच्या नावावर आहे, ती त्यानेच काढली का हा वेगळा प्रश्न. गंमत अशी की १७५४ मध्ये, तो स्वतः संपादक असलेल्या फ्रेंच विश्वकोशाच्याच नोंदीत त्याने लिहिलं होतं की नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा पडायची शक्यता दोन तृतीयांश, खरं उत्तर तीन चतुर्थांश आहे. सिस्टिममुळे माणूस गोत्यात येण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बॅकरॅटचंच. सप्टेंबर १८९० मध्ये यॉर्कशायरच्या ट्रॅन्बी क्रॉफ्ट बंगल्यात प्रिन्स ऑफ वेल्स बँक सांभाळत होते, आणि निकाल कळल्यावर चिप्स (पैशांऐवजीची टोकनं) वाढवतो असा आरोप सर विल्यम गॉर्डन-कमिंगवर आला. त्याचं म्हणणं, मी कू द त्रवा खेळत होतो, म्हणजे ५ पौंड जिंकलो की ते तिथेच ठेवून वर आणखी ५ टाकायचे, म्हणून बघणाऱ्याला चिप्स वाढल्यासारख्या दिसल्या. १८९१ ला कोर्टात केस उभी राहिली, प्रिन्स साक्षीला आले, आणि ज्युरीने गॉर्डन-कमिंगच्या विरोधात निकाल द्यायला १३ मिनिटं घेतली.

मार्टिंगेलमध्ये हरलं की डबल, जिंकलं की परत पहिल्या रकमेवर. १०० पासून सुरू केलं तर १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००, सात हारींत १२,७०० गेले, आठव्याला १२,८०० हवेत आणि टेबलची मर्यादा १०,००० असेल तर खेळ तिथेच संपला. "सात वेळा सलग कोण हरतं" असं म्हणणाऱ्याने एवढंच बघावं की टाय सोडून बँकरवर सलग सात हारीची शक्यता ०.७ टक्के आहे, पण एका शूमध्ये (सगळे कॅट पिसून भरलेल्या पेटीत) साधारण ७० निर्णायक डाव निघतात, त्यात कुठेतरी अशी ओळ येण्याची शक्यता अंदाजे २१ टक्के होते, म्हणजे पाचातल्या एका शूमध्ये. आणि बँकरवर डबल करणाऱ्याला कमिशन वेगळंच मारतं, हे फार थोडे लोक मांडून बघतात. चार हारींनंतर (१५०० गेले) १६०० जिंकले तर हातात १५२० येतात, नफा फक्त २०. पाच हारींनंतर (३१०० गेले) ३२०० जिंकले तर ३०४०, म्हणजे जिंकूनही ६० चा तोटा. सहा हारींनंतर तोच तोटा २२० होतो.

जिंकल्यावर वाढवायच्या सिस्टिम त्या मानाने कमी घातक. १-३-२-६ मध्ये जिंकत गेलं की ओळीने १, ३, २, ६ युनिट लावायचे, चारही डाव लागले तर १२ युनिट, पहिल्यालाच हरलं तर १ जातं, दुसऱ्याला हरलं तर २. चार सलग लागणं मात्र सोळात एकदाच्या आसपास. फिबोनाची आणि लाबूशेरमध्ये मात्र हरल्यावरच रक्कम वाढवतात, त्या मार्टिंगेलच्याच सावकाश बहिणी.

यापेक्षा जास्त नाद लावतात ते रोड, म्हणजे मागच्या निकालांचे तक्ते. बिग रोडमध्ये सहा ओळींची चौकट, बँकरला लाल गोल, प्लेयरला निळा, टायला हिरवी रेघ, तोच निकाल परत आला की खाली, बदलला की पुढचा रकाना. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये तुर्भ्यापासून ठाण्यापर्यंत मोबाइलवर हीच लाल-निळी जाळी बघत बसलेला तरुण दिसतो, लाल रकाना लांबला की "आता बँकरच चाललाय" आणि तुटला की "बघ, बदलणारच होता", दोन्हीकडून त्याचंच खरं. पत्त्यांना मागचं काही आठवत नसतं. शूमधली पानं संपत जातात हे खरं, पण त्याचा मुख्य बेटवर फायदा घेण्याइतका परिणाम होत नाही हे गणिती एडवर्ड थॉर्प आणि विल्यम वॉल्डन यांनी १९६० च्या दशकात दाखवलं. त्यांना फायद्याचं सापडलं ते एक साइड बेट, म्हणजे मुख्य बेटच्या जोडीचं जादा बेट, तेही कसिनोंनी काढून टाकलं. २०१२ मध्ये लंडनला अमेरिकन पोकरपटू फिल आयव्हीने ७७ लाख पौंड जिंकले ते पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक ओळखून, सिस्टिमने नव्हे, आणि २०१७ ला ब्रिटिश सुप्रीम कोर्टाने तीही फसवणूक ठरवून पैसे नाकारले.

महाराष्ट्रात कसिनो नाही. १९७६ चा कसिनो कायदा कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं, आणि १८८७ चा जुगारबंदी कायदा अजून चालू आहे. त्यामुळे ठाणे-पनवेलहून रात्रीची बस किंवा कोकण रेल्वे धरून पणजीला मांडवीतल्या बोटींवर जाणं हा सरळ रस्ता, तिथे आपली गर्दी तीन पत्ती आणि अंदर-बाहरला जास्त. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. परदेशातून चालणाऱ्या साइटवर अडकलेले पैसे कोणाकडे मागायचे, हा प्रश्न खेळणाऱ्याचाच.

जुगाराच्या व्यसनाला मानसोपचारात आजार धरतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत नऊ लक्षणं दिलीत, वर्षभरात चार दिसली तर निदान होतं. त्यातलं एक म्हणजे गेलेले पैसे वसूल करायला परत खेळायला जाणं, मार्टिंगेलमध्ये तेच नियम म्हणून लिहून दिलंय. घरात कोणाचं असं चालू असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.